गोजरकाकूच्या कळा

माहेरी आलेल्या पुष्पांजलीचे लाड काही कमी नव्हते. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, म्हणून सातवा लागल्याबरोबर तिची आई रुक्मिणीबाई स्वतः खामगावला जाऊन तिला सोनाळ्याला घेऊन आली. सकाळी तूप घातलेली खिचडी, दुपारी झोप, संध्याकाळी शेजारणींचा गराडा. बाळाचं नाव काय ठेवायचं, पाळणा कुठून आणायचा, सगळं बोलून व्हायचं. पण पुष्पांजलीनं कळा कशा येतात असं विचारलं, की एकेकीला अचानक घरचा स्वयंपाक आठवायचा. कमाल आहे आपल्या लोकांची! नऊ महिने त्या पोटाची चर्चा करतील, आणि ज्या दिवसासाठी हे सगळं, त्या दिवसाबद्दल मूग गिळून बसतील.

रुक्मिणीबाईचं म्हणणं असं, की पहिलटकरणीच्या कानावर असलं काही पडलं तर भीती मनात घर करते. वेळ आली की आपोआप समजतं, एवढंच ती सांगायची.

पुष्पांजलीला मात्र आधीच समजून घ्यायचं होतं. दवाखान्यात सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. गरज पडली नाही तर कळा वाढवायची सुई नको, दुखणं मारायचं औषध नको, आपल्या ताकदीनं बाळ आणायचं असं तिनं ठरवलं होतं. मोबाईलमध्ये पाहून ती मधल्या खोलीत श्वासाचा सराव करायची, तर आई बाहेरून विचारायची, हे काय फुसफुस लावलं म्हणून. नवरा हर्षल कापसाच्या जिनिंग कारखान्यातून सुटला की फोन करायचा, टेन्शन घेऊ नको म्हणायचा आणि जेवायला जायचा. मोबाईलमधली बाई हसत हसत श्वास घ्यायची. तिला कुठं कळा येणार होत्या! भरल्या घरात पोर अगदी एकटी पडली होती.

एकटी आणखी एक बाई होती, भिंतीपलीकडेच. पुष्पांजलीची चुलती गोजरबाई. तिच्या पोटी एकदाच लेकरू आलं, ते जन्मतानाच गेलं. तेव्हापासून घरात कोणी पोटुशी असली की गोजरबाईला बोलावायचं नाही, असा रिवाजच पडला. कोणी ठरवला, विचाराल तर कोणाला सांगता यायचं नाही. लहानपणी पुष्पांजली हिच्याच मांडीवर जेवली होती. आता तीच काकू पुष्पांजली समोरून येताना दिसली की बोळात वळायची. डोहाळजेवणाच्या दिवशी रुक्मिणीबाईनं तिच्याकडे पुरणपोळीचा डबा पाठवला. डबा रिकामा परत करायचा नाही, ही साधी रीत. पण काकूनं तो घासूनपुसून, रिकामाच, बाहेर ओट्यावर ठेवला. तिच्या हातचं काही या घरात यायला नको ना! पुष्पांजलीनं तो डबा उचलला आणि तिला फार वाईट वाटलं.

पुढच्या तपासणीला मायलेकी तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. दीपमाला सिस्टरनं सगळं समजावून सांगितलं. सुई नको ही इच्छा चांगली आहे, पण गरज पडली तर हट्ट धरायचा नाही, असंही बजावलं. मग म्हणाली, बाळंतपणाच्या खोलीत सोबत एक बाई चालते, जी स्वतः यातून गेली आहे अशी. कोण येणार?

"मीच येईन," रुक्मिणीबाई म्हणाली, आणि तेवढ्यानंच तिच्या डोळ्यांना पाणी आलं. सिस्टर हसली. मावशी, तुम्ही आत्तापासून रडता, तिथं पोरीला धीर कोण देईल, असं तिनं विचारलं.

"गोजरकाकू हाय," पुष्पांजली हळूच म्हणाली.

रुक्मिणीबाईचा चेहरा उतरला. ती सिस्टरच्या कानाशी लागून म्हणाली, "तिचं लेकरू गेलं हो. तिचं कुठं बाळंतपन झालं?"

सिस्टरनं पेन खाली ठेवला. "मावशी, कळा तर त्यांनी सोसल्या ना? लेकरू गेलं म्हणून त्यांचं दुखणं खोटं होतं काय? ते लेकरू कशानं गेलं, हे तुम्हाले माहीत तरी हाय काय? त्यात त्यांचा काही गुन्हा नव्हता. आपण बाईले तिच्या दुःखाची शिक्षा देऊन राह्यलो."

 दुसऱ्या दिवशी दुपारी पुष्पांजली भिंतीपलीकडे निघाली, तेव्हा रुक्मिणीबाईनं तिला अडवलं नाही.

गोजरबाई दारातच आडवी उभी राहिली. पोरी, जाय इथून, आई रागावेल, म्हणाली. पुष्पांजली उंबऱ्यावर बसली आणि तिनं विचारलं, "काकू, कळ कशी येते? मले कोनीच सांगत नाही."

 इतक्या वर्षांत काकूला हे कोणी विचारलंच नव्हतं! ती खाली बसली आणि सांगायला लागली. "कमरातून निघते, पोटाकडं येते, वर वर चढते. मंग उतरते. उतरते, हे ध्यानात ठेव. दोन कळांच्या मधात आराम भेटते, त्यात आंग सैल सोड. मले हे कोनी नाही सांगतलं. मी त्या आरामातही भेतच राह्यली." मग थांबून म्हणाली, "पोरगी होती. लई केस होते तिले."

दोघी पोटभर रडल्या. त्या दिवसापासून रोज दुपारी काकू तिला अंगणात चालवायची, भिंतीला हात टेकून उभं राहायला शिकवायची, कमर चोळून द्यायची. रुक्मिणीबाई स्वयंपाकघरातून पाहायची आणि पाहिलंच नाही असं दाखवायची.

कळा सुरू झाल्या सकाळी. दवाखान्यात पोचल्यावर रुक्मिणीबाई हट्टानं स्वतःच आत गेली. पोरीनं दात आवळले की ही पदर तोंडाला लावायची, ओरडू नको बाई म्हणायची, देवाचं नाव घ्यायची. पुष्पांजलीचा श्वास सुटला, अंग आखडलं. सिस्टर तपासून म्हणाली की बाळ ठीक आहे, पण पोर घाबरून थकून जाते आहे. पुष्पांजली एकच म्हणत होती, काकूला बोलवा.

काकू दवाखान्याच्या फाटकाजवळ, लिंबाच्या झाडाखाली बसली होती. कोणी न बोलावता मागच्या एसटीनं आली होती, आणि आत यायची हिंमत नव्हती. रुक्मिणीबाई धावत तिच्यापाशी गेली.

"गोजर, माह्यानं नाही होऊन राह्यलं. तू जाय आत."

गोजरबाई जागची हलली नाही. "बाई, काही इपरीत झालं तं? सारे माह्यावरच येतील."

"येऊ दे, मी उभी हाय. काही झालं तरी ते तुह्यानं झालं असं म्या कोनाले म्हनू देनार नाही. आजवर म्याच म्हनू देल्लं, गोजर. माही चूक झाली."

कितीतरी वर्षांनी दोन जावांनी एकमेकींचा हात धरला! गोजरबाई उठली आणि नळावर हात स्वच्छ धुऊन आत गेली. तिचा तळहात कमरेवर पडताच पुष्पांजलीनं डोळे मिटले. "चढली का? चढू दे. उतरून राह्यली पाह्य," काकू सांगत गेली आणि पोर तिच्या आवाजामागे जात राहिली. सुईची गरज पडली नाही. दुपार कलायच्या आत मुलगी झाली, आणि सिस्टरनं नाळ कापून बाळ आईच्या छातीवर ठेवलं. बाळाच्या डोक्यावर दाट केस होते. काकूनं ते पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून ती खूप वेळ रडली.

घरी आल्यावर रुक्मिणीबाईनं त्याच डब्यात बर्फी भरून काकूकडे पाठवली. दुसऱ्या सकाळी तो डबा ओट्यावर दिसला. या वेळी डिंकाच्या लाडवांनी भरलेला. ठेवणारी मात्र सवयीनं निघून चालली होती. रुक्मिणीबाईनं तिला हाक मारून परत बोलावलं. "गोजर, बाहेर नको ठेवू. घरात ये, तुह्या हातानं दे पोरीले."

वाचकहो, बाळंतपणाबद्दल आपल्या मुलींशी मोकळेपणी बोलत चला, गप्प बसल्यानं भीती जात नाही. आणि तुमच्याही गल्लीत एखादी गोजरबाई असेल, जिचं लेकरू गेलं म्हणून तुम्ही तिला शुभकार्यातून वगळलं असेल. तिनंही तेवढ्याच कळा सोसल्या आहेत. आजच तिच्या दारी जा आणि तिला आपल्या घरात घेऊन या.