काकवीची मार्गारिटा

दिवाळीला घरी येताना शांभवीनं आईसाठी साडी आणली होती, चुलतबहीण मोनासाठी कानातलं आणलं होतं आणि वडिलांसाठी काहीच आणलं नव्हतं. आणलं असतं तरी त्यांनी घेतलं नसतं. दोन वर्षं झाली, सिद्धाप्पा आपल्या एकुलत्या एका लेकीच्या हातचं काही घेत नव्हते. चहा नाही, पाणी नाही, जेवताना वाढलेली भाकरीसुद्धा नाही. ती वाढायला आली की ते ताटावर आडवा हात धरायचे, आणि मग गौराबाई मुकाट्यानं लेकीच्या हातातलं ताट काढून घ्यायच्या.

शांभवी गोव्यातल्या एका मोठ्या हॉटेलात बारवर कामाला होती. स्वतः थेंबही घेत नसे, पण लोकांना बनवून देत असे. आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या, कपाळाला भस्म लावल्याशिवाय दुकानाचं शटर न उघडणाऱ्या लिंगायत माणसाला हे जास्तच वाईट वाटत होतं. पिणारा निदान आपल्याच घराचं वाटोळं करतो! तिनं घरी आधी नुसतं 'हॉटेलात हाय' एवढंच सांगितलं होतं, ताकास तूर लागू दिली नव्हती. मग कुणाच्या तरी लग्नात एका दीडशहाण्या पाहुण्यानं भर पंगतीत मोबाईल काढून सिद्धाप्पांच्या नाकासमोर धरला. "ही तुमचीच लेक न्हवं?" व्हिडिओत शांभवी दारू मिसळायची दोन डबडी खुळखुळवत होती आणि तिच्यामागं बाटल्यांची भिंत होती. सिद्धाप्पा भरल्या ताटावरून उठले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. कोल्हापुरात माणसं तावातावानं भांडतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच कट्ट्यावर बसून दूध पितात. पण सिद्धाप्पा गप्प झाले, आणि गप्प बसलेल्या कोल्हापूरकराचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नसतं. शांभवी दर सणाला येत राहिली. येताना प्रत्येक वेळी तिला वाटायचं, यंदा तरी आप्पा हात आडवा धरणार नाहीत. एवढंच तिला हवं होतं. बाकी तिचं बरं चाललं होतं.

भाऊबीजेला दुपारी आक्का आली. आक्का म्हणजे सिद्धाप्पांची थोरली बहीण. गडहिंग्लजला दिलेली, सत्तरीची, आणि जिभेला हाड नसलेली. सगळं घर तिला आक्काच म्हणायचं. ओवाळून झालं, फराळाच्या ताटल्या फिरल्या, आणि चकली मोडता मोडता मोनानं नको तो विषय काढला.

"आक्का, दीदीच्या हॉटेलात आता ऑटम मार्गारिटा हाय. शरद ऋतूची. सगळी गर्दी तेवढ्यासाठीच."

सोफ्याच्या कोपऱ्यात पेपर वाचत बसलेल्या सिद्धाप्पांनी पेपर आणखी उंच धरला. गौराबाईंनी मोनाकडं असं पाहिलं की दुसरी एखादी पोरगी जागीच थिजली असती. पण आक्काला आता कोण आवरणार?

"मार्गा... काय गं ते?"

"सरबतच की आक्का," शांभवी म्हणाली. गोव्यात 'मी करते', 'मी जाते' म्हणायला शिकलेली ही पोरगी घराचा उंबरा ओलांडला की इथल्या बाकीच्या पोरींसारखी 'करतो', 'जातो' वर यायची. "लिंबू, संत्र्याचा गोडवा, काठाला मीठ. आणि मेक्सिकोकडची एक दारू असते, ती."

"मग दारू सोडून बाकीचं कर की. येतंय का न्हाय?"

"येतंय की. करतो."

म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. या घरात ती आपल्या कामातलं काहीतरी पहिल्यांदाच करणार होती.

हॉटेलातल्या त्या शरद ऋतूचं तिला नेहमी हसू यायचं. परदेशी सफरचंदाचा रस, कॅनडातल्या कुठल्याशा झाडाचा पाक, आणि मेनूकार्डावर पिवळ्या पानांचं चित्र. बाहेर गोव्यात घामाच्या धारा! आपल्याकडं शरद येतो तो असा का? आपल्याकडं ऑक्टोबरचा चटका सरतो, बिद्रीच्या साखर कारखान्याकडं ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांच्या खोपी दिसायला लागतात, गुऱ्हाळं पेटतात आणि वाऱ्यावर उकळत्या रसाचा वास येतो. बाजारात कोवळे आवळे येतात. बारमागं उभं राहून तिनं कितीदा तरी मनातल्या मनात ही आपली मार्गारिटा केली होती.

मामानं गावाकडून नवी काकवी पाठवली होती. दाट, लालसर, उसाचा रस गूळ व्हायच्या आधी थांबवलेला. तिनं ती पातेल्यात घेतली, दालचिनीचा तुकडा आणि ठेचलेलं आलं टाकून जराशी गरम केली. चार आवळे थेट गॅसवर धरून काळे होईस्तोवर भाजले. टकीलाचा, म्हणजे त्या मेक्सिकोच्या दारूचा, तो धुरकट कडवटपणा कुठूनतरी आणायलाच हवा होता. आवळ्यांचा गर, लिंबं, संत्री, बर्फ. डबडी नव्हती, म्हणून फळीवरचे स्टीलचे दोन पेले घेतले, एक मोठा आणि एक लहान, आणि त्यांची तोंडं एकमेकांत घट्ट बसवून खांद्यावर हलवायला लागली. तो खळखळ आवाज बाहेर गेला असणार, हे हलवता हलवताच तिच्या लक्षात आलं. पण थांबली नाही. चव घेतली. काहीतरी कमी होतं. तिनं आपल्या सॅकमधली बोटभर बाटली काढली, जगमध्ये चार थेंब टाकले, ढवळलं, पुन्हा चव घेतली. आता जमलं.

ग्लासांच्या काठाला मीठ-तिखट लावून ती ट्रे घेऊन बाहेर आली. आक्कानं पहिला ग्लास उचलला, काठ चाटला, घोट घेतला आणि डोळे मोठे केले.

"आगं बया! हे काय भारी झालंय! सिद्धा, पेपर ठेव की खाली. लेकरानं केलंय."

सिद्धाप्पांनी पेपर खाली ठेवला. शांभवी त्यांच्यासमोर ट्रे घेऊन उभी होती. त्यांचा उजवा हात सवयीनं उठलाही, आणि तिनं मनाची तयारीही केली. पण हात मध्येच रेंगाळला. काकवीचा गरम वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा. सिद्धाप्पांचं लहानपण गुऱ्हाळाच्या गावात गेलं होतं. का आक्काच्या धाकानं, का दोन वर्षांचा तो आडवा हात आता त्यांनाच जड झाला होता, कोण जाणे. त्यांनी ग्लास उचलला.

गौराबाईंनी पदर तोंडाला लावला. मोनानं मोबाईल उगारला होता, तो आपणहून खाली केला. शांभवीला आनंद व्हायला हवा होता आणि भीतीच वाटत होती.

गळ्यातल्या इष्टलिंगाला अर्पण केल्याशिवाय सिद्धाप्पांनी आयुष्यात काही तोंडाला लावलं नव्हतं. टपरीवरचा कटिंग चहासुद्धा आधी छातीशी नेऊन, क्षणभर डोळे मिटून, मगच प्यायचे. आता त्यांनी तो ग्लास छातीशी नेला. डोळे मिटले.

आणि तेव्हा शांभवीला ती बोटभर बाटली आठवली.

तिच्या धंद्यात त्या बाटलीला कुणी दारू म्हणत नाही. साली, मुळं, मसाले यांचा तो कडू अर्क. थेंबाथेंबानं वापरतात, मिठासारखा. बिनदारूच्या पेयातही बिनदिक्कत घालतात. तिच्या हातानंही तो मीठ म्हणूनच घातला होता. पण तो अर्क काढलेला असतो दारूतच, आणि निम्म्याच्या आसपास दारूच असते त्यात. अख्ख्या जगमध्ये चार थेंब. आप्पांच्या ग्लासात किती आले असतील? शिळ्या द्राक्षात याहून जास्त असेल. कुणाला कळणार होतं? आक्काला कळलं नाही. आप्पांनाही कधीच कळलं नसतं. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते अगदी ओठापर्यंत आलं होतं. गप्प बस, शांभवे, गप्प बस!

"आप्पा, थांबा!"

सिद्धाप्पांनी डोळे उघडले.

"पिऊ नका. त्यात... चार थेंब पडल्यात. मसाल्याचा अर्क हाय, पण दारूतला. आम्ही तिकडं त्याला दारू धरत न्हाई. सवयीनं टाकला. माझ्या ध्यानात आलं न्हाई."

सिद्धाप्पांनी ग्लास हळूच ट्रेमध्ये परत ठेवला, उठले आणि आत देवघरात गेले. दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"आन मी तर निम्मा ग्लास प्यालो की!" आक्का म्हणाली. मग सगळ्यांचे चेहरे बघून तिनं आवाज चढवला, "काय मेलो न्हाय मी! खोकल्याचं औषध पितो, त्यात काय गंगाजल असतंय व्हय? लिंगाला सगळं कळतंय. पोरीनं मुद्दाम केलंय व्हय?" पण तिनंही उरलेला ग्लास खाली ठेवलाच, आणि तोंड धुवायला मोरीकडं गेली.

शांभवीनं सगळे ग्लास गोळा केले. कुणाकडं न बघता ती स्वयंपाकघरात आली, जग उपडा केला आणि राख लावल्यागत घासायला लागली. आता आणखी किती वर्षं? आज जे झालं त्यानं आप्पांचं म्हणणंच खरं ठरलं होतं. जिथं दारू मिठासारखी वापरतात, तिथं राहून पोरीला दारू दारूच वाटेनाशी झाली. तिला स्वतःचीच चीड आली, आणि डोळ्यांतलं पाणी जगमध्ये पडत होतं ते तिनं पडू दिलं.

मागं कुणीतरी उभं होतं. गौराबाई असतील म्हणून ती वळली नाही.

"सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं काय?"

दोन वर्षांत आप्पांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तिनं नळ बंद केला.

"न्हाई."

"चवीवरनं?"

"न्हाई आप्पा. त्याची वेगळी चव लागतच न्हाई."

"मग सांगितलंस कशाला? मी पीत हुतो की."

खरं होतं तेच तोंडातून आलं.

"तुम्ही डोळं मिटलं हुतं."

सिद्धाप्पांच्या कपाळावरचं भस्म ताजं होतं. आत जाऊन त्यांनी पुन्हा लावलं असावं. एवढा मोठा माणूस, पण स्वयंपाकघरात लेकीसमोर उभं राहायचं कसं, हात कुठं ठेवायचे, हे त्याला कळत नव्हतं. शेवटी त्यांनी ओट्याच्या कडेला हात टेकले.

"मला वाटलं हुतं, तिथं गेलीस म्हणजे आमची राहिली न्हाईस," ते म्हणाले. "चुकलो मी."

तिला हुंदका आला. त्यांनी तो न ऐकल्यासारखं केलं आणि पातेल्याकडं बोट दाखवलं.

"काकवी हाय का अजून?"

"हाय की."

"मग परत कर. मी हितंच थांबतो."

तिनं ओल्या हातानं डोळे पुसले. तिला वाटलं, आता आप्पा आपल्या हातावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार. ठेवू देत, हक्कच आहे त्यांचा.

"बघायला थांबताय?"

"न्हाय," सिद्धाप्पा म्हणाले, "प्यायला." आणि तिच्याकडं पाठ करून ते खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.