व्याह्यांची अक्षरं

दिवाकरराव रोज सकाळी नेमानं हरत असत.

हरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. अंबडच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात, त्यांनी सगळी नोकरी काढली होती. सप्लायरला इंग्रजीत झाडायचं असलं की साहेब म्हणायचे, "दिवाकरना द्या." ते पत्र हातात पडलं की सप्लायर आधी डिक्शनरी शोधायचा आणि मग मुकाट्यानं माल बदलून द्यायचा. असा माणूस. पण मृण्मयीचं लग्न झालं आणि दिवाकरराव मुलीचे बाप झाले. तसे ते आधीही होतेच. पण हे पद खरं लागू होतं ते लग्नानंतर.

व्याही वामनराव त्र्यंबकेश्वरचे. घरी पूजेसाठी येणाऱ्या यजमानांचा राबता. आंध्राकडच्या यजमानांशी इंग्रजीत बोलता बोलता त्यांना त्या भाषेची गोडी लागली होती. पहिल्या दिवाळसणालाच त्यांनी खेळ काढला. रोज सकाळी ते व्हॉट्सअ‍ॅपवर तीन इंग्रजी अक्षरं पाठवणार. ती तिन्ही ज्यात येतात असा शब्द दोघांनीही शोधायचा. आधी दिवाकररावांनी आपला पाठवायचा, मग वामनरावांनी आपला उघड करायचा. ज्याचा लांब, तो जिंकला.

पहिल्या दिवशी टी, आर, एन आले. चहाचा घोट घशाखाली उतरायच्या आत दिवाकररावांना 'इंटरनॅशनल' सुचला. टाइपही केला. मग बोट थबकलं. त्यांनी तो पुसला आणि 'टर्न' पाठवला. वामनरावांनी 'ट्रेनिंग' टाकून मैदान मारलं आणि मागोमाग हसऱ्या चेहऱ्यांची माळ पाठवली.

"एकदा दाखवा की त्यांना हिसका," मालिनीबाई म्हणाल्या.

"अगं, मुलगी दिलीय तिथं. वरपक्षाला हरवून मिळवायचंय काय?"

"त्यांनी लग्नात मानपानाचं नाव काढलं नाही, आणि तुम्ही—"

"तेच तर!" दिवाकरराव म्हणाले.

वरपक्षानं काहीच मागितलं नाही, की मुलीच्या बापाची मोठी पंचाईत होते. मान द्यायची हौस असते आणि घ्यायला कोणी पुढं येत नाही. दिवाकररावांना या खेळानं सोय करून दिली होती. आहेर नाही तर नाही, रोजचा एक विजय त्र्यंबकला पोचता होत होता.

असं चांगलं चाललेलं असताना अक्षरं सोपी होऊ लागली. पूर्वी मधूनच एखादा क्यू किंवा एक्स यायचा, तो बंद झाला. मग मधूनमधून तीनाऐवजी दोनच अक्षरं यायला लागली. दिवाकररावांना वाटलं, व्याही टिंगल करताहेत. आणि एके दिवशी तर सी, ए, टी आले. दिवाकररावांचा पारा चढला, पण मुलीच्या बापाचा पारा चढून चढून किती चढणार? त्यांनी 'कॅट' पाठवून दिला.

त्या दिवशी त्र्यंबकेश्वरला वामनरावांच्या घरी जेवणं नीट झाली नाहीत, हे त्यांना कुठून कळणार?

आज संध्याकाळी मृण्मयी ऑफिसातून थेट माहेरी आली. बूट काढता काढता तिनं विचारलं, "बाबा, आज वार कोणता?"

"का? तुझ्या ऑफिसात कॅलेंडर नाही?"

"सकाळी काय खाल्लंत?"

"आईला विचार. तिनंच केलं होतं."

मृण्मयीनं आईकडे असं बघितलं, की जणू पेशंटनं दोन्ही प्रश्न चुकवले. मालिनीबाई तिला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि थोड्या वेळानं चेहरा पाडून एकट्याच बाहेर आल्या.

"अहो, ती चेन्नईला नाही म्हणतेय."

चेन्नईच्या नव्या प्लँटची मृण्मयी प्रमुख होणार होती. जावई विश्वेशचं काम घरूनच चाले, तो तर सामान बांधायला बसला होता. उत्तर आज कळवायचं होतं.

"का म्हणून?"

"तुमच्यामुळं. तुमचं डोकं चालेनासं झालंय म्हणे. तिच्या सासऱ्यांनीच, नानांनीच, काळजीनं सांगितलं. आधी चारपाच अक्षरांचे शब्द, मग 'कॅट'. अशा बापाला सोडून जाणार नाही म्हणते."

दिवाकरराव मट्कन खुर्चीत बसले. मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"मिनू, माझं डोकं ठणठणीत आहे."

"सगळे असंच म्हणतात, बाबा."

"वामनरावांना आत्ता लांब शब्द पाठवून दाखवू?"

"अक्षरं टाकली की शब्दांची रांग लावून देणाऱ्या वेबसाइट असतात. फोन द्या इकडे." तिनं फोन घेऊन डब्यामागं ठेवला. "माझ्यासमोर सांगा. क्यू, एल, वाय."

"क्वालिटी. त्याच खात्यात होतो. फ्रीक्वेन्टली. कॉन्सिक्वेन्टली."

मृण्मयीच्या भुवया वर गेल्या. "जे आणि एम."

"अ‍ॅडजस्टमेंट."

"तो शब्द त्यांना बरा येतो," मालिनीबाई पुटपुटल्या.

"मग 'कॅट' कशाला पाठवलात?"

दिवाकररावांनी मान खाली घातली. "मुलीचा बाप आहे मी."

क्षणभर मृण्मयीला उलगडा होईना. झाला तेव्हा ती रागानं लाल झाली. "म्हणजे नाना हरले तर मला छळतील, असं वाटलं तुम्हाला?"

"तसं नाही गं. आनंद होतो त्यांना."

"आनंद? घाबरलेत ते! जिंका आज. आत्ता."

तिनं डब्यामागचा फोन परत दिला. सकाळची अक्षरं अजून उत्तरावाचून पडली होती: पी, ई, एन. दिवाकररावांनी 'कॉम्पेन्सेशन' पाठवला. लगेच फोन वाजला. मृण्मयीनं स्पीकर लावला.

"दिवाकरराव! तुमचाच ना हा?"

"माझाच."

"अहो, आज मी मुद्दाम 'ओपन' काढून ठेवला होता. म्हटलं, तुम्हाला जिंकल्याचं समाधान मिळेल, जरा उभारी येईल." वामनरावांनी एका दमात विचारलं. "असं अचानक कसं काय?"

खरं सांगण्याइतकी सोपी गोष्ट दुसरी नव्हती. पण खरं सांगितलं, तर व्याह्यांचा दिवाळसणापासूनचा एकेक विजय मातीत जाणार होता. दिवाकररावांनी मुलीकडं बघितलं. तिनं हळूच मान हलवली: नको.

"बदाम," दिवाकरराव म्हणाले. "मालिनी देते रोज. भिजवून."

मालिनीबाईंनी कपाळावर हात मारला. त्या घरात बदाम शिऱ्यावर टाकायलाच काय ते यायचे.

"वा! कुठून आणता? मलाही हल्ली यजमानांची नावं आठवत नाहीत. रविवारी येतोच, दाखवा मला." समाधानानं वामनरावांनी फोन ठेवला.

मृण्मयीनं लॅपटॉप उघडला आणि उभ्याउभ्याच चेन्नईला होकार कळवला. मालिनीबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली आणि चपला चढवल्या.

"आता कुठं निघालीस?"

"बदाम आणायला," त्या म्हणाल्या. "आणि उद्यापासून सकाळी खायचे. खोटं बोललात, आता चावा."