पाठीवरचं तिसरं सामान

फिदेलिनो भावजी आजवर दोनदा लॉस एंजेलिसला जाऊन आले होते. त्यामुळे विमानाचे सगळे नियम आपल्याला तोंडपाठ आहेत, अशी त्यांची समजूत होती. दुर्दैवाने गावाचीही तीच होती.

"एक बॅग डोक्यावरच्या कप्प्यात, एक छोटी समोरच्या सीटखाली. तिसरं काही दिसलं की दंड," ग्वातेमालाच्या विमानतळावर शिरताना ते एर्सिलिया वहिनीला बजावत होते.

एर्सिलियाच्या दोन्ही बॅगा गच्च भरल्या होत्या, पण तिच्या सामानाने नव्हे. ती लॉस एंजेलिसला मुलाकडे, एल्मेरकडे निघाली म्हटल्यावर अख्खी गल्ली दारात उभी राहिली. कुणाची कॉफी, कुणाचं चीज, कुणाच्या नातवाचा स्वेटर. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण परत येऊन याच गल्लीत राहायचं होतं. बाहेर राहिले ते तिचे तमाल. मक्याच्या पिठात चिपिलीनचा पाला घालून, पानात गुंडाळून तिने ते पहाटे उकडले होते. एल्मेरने घर सोडल्यापासून आईच्या हातचं खाल्लं नव्हतं. बाकी काहीही राहिलं तरी चाललं असतं, तमाल जायलाच हवे होते.

"त्यात काय एवढं?" भावजी म्हणाले. "अंगावरचं मोजत नाहीत. शालीत घालून पाठीला बांधा. पोरं बांधायचात तसं."

गेटवरच्या मुलीने एर्सिलियाला थांबवलं. "बाई, पाठीवर काय आहे?"

"नातू," भावजीच म्हणाले. "झोपलाय."

"मग त्याचं तिकीट दाखवा."

"एवढ्याशा पोराला कसलं तिकीट?"

"मांडीवरच्या बाळालाही तिकीट लागतं, काका. तिकीट नाही म्हणजे बाळ नाही. बाळ नाही म्हणजे सामान. तेही तिसरं." तिने नाक पुढे केलं. "आणि नातवाला चिपिलीनचा वास येतोय."

रांग फिदीफिदी हसली. हसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तिकडच्या नातलगांसाठी घेतलेला तळलेल्या कोंबडीचा खोका होता. ते बघून एर्सिलियाचं डोकं फिरलं.

"यांच्या हातात काय आहे मग? फुलं?"

"ते इथल्या दुकानातलं आहे, बाई. आत विकत घेतलेलं सामानात धरत नाहीत."

"म्हणजे दुकानातली कोंबडी चालते, आणि आईच्या हातचं चालत नाही?"

"नियम मी नाही केले."

एर्सिलिया तडक दुकानात गेली आणि सगळ्यात मोठा खोका घेऊन आली. बाकावर बसून तिने कोंबडी वाटून टाकली. भावजींनी चूक सुधारण्याच्या भावनेने चार तुकडे खाल्ले. मग तिने रिकाम्या खोक्यात तमाल रचले आणि झाकण लावलं. गेटवरच्या मुलीला सगळं दिसत होतं, पण तिच्याही हातात तंगडी होती.

"दोन बॅगा आणि दुकानाचा खोका," ती तोंड पुसत म्हणाली. "अगदी नियमात. जा."

लॉस एंजेलिसला एल्मेर धावत आला. त्याने आईला उचलूनच घेतलं. मग त्याची नजर खोक्यावर गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

"कोंबडी आणलीस! आई, मला फोनवर मागायची लाज वाटत होती गं. इथली खातो मी, पण तिकडची ती तिकडची."

गाडीत बसल्याबसल्या त्याने झाकण उघडलं. "अच्छा," तो म्हणाला. "तमाल."

भावजी खिडकीबाहेर बघू लागले. एर्सिलियाला वाटलं, तो खोका उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावा. इतक्या वर्षांनी पोराचा चेहरा पडलेला बघायला का ती आली होती?

मन राखायला एल्मेरने एक सोलून तोंडात टाकला. चावता चावता थांबला. दुसरा घेतला. तिसरा डोळे मिटून खाल्ला.

"आई, शप्पथ सांगतो, असे तमाल तू जन्मात केले नव्हतेस! घातलंस काय यात?"

काही घातलं नव्हतं. नेहमीचंच पीठ, नेहमीचाच पाला. फक्त सगळा प्रवासभर ते कोंबडीच्या तेलकट खोक्यात बसून आले होते. हेच कौतुक ऐकायला ती झुरली होती, आणि ते त्या पुठ्ठ्याच्या वाट्याला गेलं होतं. भावजी काहीतरी बोलायला वळले. तिने त्यांच्या पायावर पाय दिला.

"हातगुण असतो एकेकाचा," ती म्हणाली, आणि लेकाला आणखी एक सोलून दिला.