गाळलेल्या दोन ओळी

"थांब. ऑडिटरच्या पदाचा दुसरा उमेदवार परत वाच," धर्मराजकाका म्हणाले. "पहिल्याला तू चांगली पाच मिनिटं दिली. याला दोनच मिनिटांत गुंडाळला."

"काका, त्यानं लिहिलंच एवढुसं आहे."

"मग हळू वाच न. बरोबरीत येईल."

हर्षितानं हसू दाबलं आणि तो उतारा पुन्हा सावकाश वाचला. मतदानाचा शेवटचा दिवस होता. बॉथेलला मायदेशासारख्या मतदान केंद्रासमोर रांगा लागत नाहीत. बॅलट म्हणजे मतपत्रिका पोस्टानं घरी येते आणि त्याच्याबरोबर उमेदवारांच्या निवेदनांचं जाडजूड पुस्तक. घरी बसून नावांपुढचे गोल काळे करायचे, पाकिटावर सही करायची आणि रात्री आठच्या आत लायब्ररीसमोरच्या पेटीत टाकायचं. आत्ता दुपारचे तीन वाजले होते आणि काकांचं बॅलट अजून निम्मं कोरं होतं.

वरची मोठी पदं चटकन उरकली होती. अडलं होतं ते खालच्या पदांपाशी, जी निम्मे लोक कोरीच सोडतात. काका ती कधी सोडत नसत. बायोटेक कंपनीत बावीस वर्षं त्यांनी वजनकाटे तपासून दिले होते आणि उमेदवारांनाही ते तसंच तोलत. दरवर्षी जाईकाकू ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचायच्या आणि काका डोळे मिटून ऐकायचे. फेब्रुवारीत काकू गेल्या. काकांच्या नजरेचा मधला भाग तर त्याआधीच गेला होता. समोरचा माणूस त्यांना कडेकडेनंच दिसायचा. प्लेनोला राहणारी त्यांची मुलगी फोनवरून वाचून दाखवायला तयार होती. पण ती आधी आपला निकाल सांगते आणि मग वाचते, अशी काकांची तक्रार होती.

म्हणून शेजारची हर्षिता आली होती. काका आठवड्यातून दोन दुपारी तिच्या अनीशला सांभाळत. आत्ताही तो चार वर्षांचा पोरगा काकांच्या फ्रिजवरची लोहचुंबकं काढून आगगाडी करत होता. हर्षिताचं हे पहिलंच मत. मे महिन्यात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, कुशलनं, नागरिकत्वाची शपथ घेतली होती. तिचं स्वतःचं बॅलट भरून, बंद होऊन पर्समध्ये होतं, आणि त्यातल्या एका गोलासाठी तिनं तीन संध्याकाळी घातल्या होत्या.

नेमकं तेच पद आता समोर आलं. राज्याच्या सरकारी जमिनींचा आयुक्त. असं काही पद असतं हे तिला दोन वर्षांपूर्वीपर्यंत माहीतही नव्हतं. मग तो सप्टेंबर आला. डोंगरापलीकडची जंगलं पेटली, बॉथेलचं आकाश तांबूस झालं आणि अनीशला दमा असल्याचं त्या आठवड्यात कळलं. खिडक्यांच्या फटींना टेप लावून ती बारा दिवस त्याचे श्वास मोजत बसली होती. ती आग विझवणारं खातं या आयुक्ताच्या हाताखाली आहे, हे तिनं तेव्हा शोधून काढलं. तेव्हापासून सकाळी उठल्यावर चहाच्याही आधी ती फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघते. कुशल चिडवतो, "हवामान खात्यात लागलीस का?"

दोन बायका उभ्या होत्या. पहिली आग विझवणाऱ्या तुकड्यांची प्रमुख होती आणि तिला आणखी माणसं, आणखी विमानं हवी होती. हर्षिताचं मत तिलाच होतं. तिचं निवेदन हर्षितानं छान वाचलं, अगदी शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाचावं तसं. दुसरी लाकूडतोडीच्या गावातली. जंगलातल्या लाकडाच्या पैशावर शाळा बांधल्या जातात, ते चालू राहावं असं तिचं म्हणणं. हर्षितानं तेही वाचलं. मग दोन ओळी आल्या: वणव्यात या बाईचं स्वतःचं घर जळालं होतं, आणि गावांभोवतीची सुकी झाडी उन्हाळ्याआधीच विरळ करायचं काम तिनं चार तालुक्यांत करून दाखवलं होतं. त्या मोठ्यानं न वाचताच हर्षिता पुढच्या ओळीवर गेली. आवाज जराही अडखळला नाही. याचंच तिला नंतर नवल वाटलं.

काकांनी डोळे उघडले.

"आगीचं दुसरी काहीच बोलत नाही," ते म्हणाले. "मग पहिलीच. कर काळा."

हर्षितानं पेनचं टोपण काढलं. काका खुर्चीत मागे रेलले.

"माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. मतदानाच्या दिवशी मी तिचं बोट धरून गेलो होतो, बारा वर्षांचा. पाटलाचा माणूस दारातच उभा. म्हणे, आजी, शिक्का मी मारून देतो. आजी म्हणाली, शिक्का माझा मी मारीन, तू फक्त कोणती निशाणी कोणाची तेवढं सांग."

"मग?"

"सांगितलं त्यानं." काका हसले. "खरं सांगितलं का खोटं, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मी लहान, मला तरी काय ठाऊक! पण मरेपर्यंत म्हणायची, मी दिलं बरं का माझं मत."

पेन हवेतच राहिलं. फ्रिजपाशी अनीशनं गाडीची शिट्टी वाजवली. हर्षिताला वाटलं, भरून टाकावा गोल; लाखो मतांत एक, त्यानं काय होणार आहे? पण असंच होतं तर तिनं तीन संध्याकाळी कशाला घातल्या होत्या?

"काका," ती म्हणाली, "माझ्याकडून दोन ओळी सुटल्या. म्हणजे... मीच सोडल्या."

तिनं त्या वाचल्या. वाचताना कान तापले होते. काकांनी मान तिरपी करून तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या नजरेच्या कडेला आपण पुरत्या सापडलो असं तिला वाटलं.

"जाईसुद्धा सोडायची," काका म्हणाले. "वाचताना घाईत आली की मी समजायचो, बाईनं मधलं काहीतरी खाल्लं."

"मग तुम्ही बोलायचा नाहीत?"

"बोलायचो तर! आठ-आठ दिवस भांडण चालायचं. तिनं कबूल मात्र कधी केलं नाही."

हर्षितानं मान खाली घातली. "मला अनीशसाठी भीती वाटते, काका."

"माहीत आहे मला. म्हणून तुझं मत तू दिलं. कोणाला दिलं ते सांगू नको मला." टेबलावर बोटं वाजवत ते विचार करत राहिले. एकदा त्यांनी शाळांचा भाग परत वाचायला लावला, मग पहिलीच्या विमानांचा. शेवटी म्हणाले, "आग लागल्यावर धावणारी चांगलीच. पण आधी झाडी साफ करते ती मला जास्त पटते. दुसरी कर."

हर्षितानं दुसरीच्या नावापुढचा गोल काळा केला. कडेला पांढरी फट राहिली होती, मतं मोजणाऱ्या मशीनला शंका येईल एवढीशी. पेन पुन्हा टेकवून तिनं तीही भरली. मग कागद उचलून खिडकीकडे धरला.

"बघून घ्या, काका. कडेनं दिसेल."

"कशाला?" काका म्हणाले आणि सहीसाठी पाकीट मागायला त्यांनी हात पुढे केला.

तिनं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं आणि सहीच्या रेघेच्या टोकाशी नख टेकवलं. काकांनी बोटानं तिचं नख चाचपलं, पेन तिथे लावलं आणि सावकाश, कुठेही न उचलता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.