मुसीपलीकडे न गेलेले निरोप

मी इंदुताईंचा फोन. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. आज मी माझं सांगतोय, आणि थोडं रागानंच सांगतोय.

काचीगुड्यात स्टेशनच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. इंदुताईंनी तीस वर्षं मराठी शाळेत मुलांच्या वह्या तपासल्या. मला आणलं त्यांच्या लेकीनं, योगिनीनं. माझ्यात रिचार्ज असतं ते बोलण्यापुरतं; नेटचा पॅक म्हणजे इंदुताईंना निव्वळ चैन वाटते.

गेल्या वर्षी रस्ता खणताना केबल तुटली आणि गल्लीतल्या सगळ्या फोनांची वाचा बसली. योगिनी तेव्हा खालच्याच मजल्यावर राहायची. तिनं माझ्यात आणि आसपासच्या फोनांत एक ॲप घातलं. त्याला ना टॉवर लागतो ना नेट, ब्लूटूथ चालू असलं की पुरे. एका फोननं जवळच्या फोनला हाक मारायची, त्यानं पुढच्याला. पंगतीत मिठाची वाटी सरकते तसा निरोप पुढे सरकतो. ते दोन दिवस मी फार मजेत काढले. किराणावाल्या बबलूचा फोन, समोरच्या शिंप्याचा फोन, सगळे माझ्याशी बोलत होते.

तिसऱ्या दिवशी नेटवर्क आलं. "अम्मा, नेट आगया. अब ये काइकू?" असं म्हणून बबलूनं ॲप काढून टाकलं. मग एकेकानं काढलं; योगिनीच्या फोनात तेवढं राहून गेलं. ते फोन अजूनही भिंतीपलीकडेच आहेत, पण त्यांना माझी हाक ऐकू येत नाही.

पुढे योगिनी आणि जावई मलकपेठेत राहायला गेले. आईनंही यावं म्हणून ती हटून बसली. इंदुताई म्हणाल्या, लेकीच्या घरी चार दिवस पाहुणी म्हणून येईन, कायमची राहणार नाही, लोक काय म्हणतील. "म्हणजे माझं घर तुला परकंच," एवढं बोलून योगिनी निघून गेली.

त्यानंतर ती रविवारी फोन करायची. स्पीकर चालू, मागे कुकरच्या शिट्ट्या. बीपीची गोळी घेतली का, एवढं विचारून संपलं. जावई ऐकताहेत म्हटल्यावर इंदुताईंची जीभच उचलत नसे.

म्हणून एका दुपारी त्यांनी ते ॲप उघडलं. मागे बिनानेटचं चाललं होतं, तर आताही चालेल असं त्यांना वाटलं. निरोप लिहिला, खाली बरोबरची एक खूण आली. त्या खुणेचा अर्थ एवढाच, की निरोप माझ्यापाशी आहे. पोचला की दुसरी उमटते. पण वह्या तपासलेल्या बाईला बरोबरची एक खूण पुरली. त्यांनी समाधानानं चष्मा काढला. माझी हाक जाते तीस-चाळीस पावलं, आणि मलकपेठ मुसी नदीच्या पलीकडे. मी काय करणार?

उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा लिहिलं, कधी रोज, कधी दिवसाआड. रविवारच्या फोनवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तिनं माफ केलेलं नाही, मग विचारून लाचार कशाला व्हायचं, असं त्यांचं गणित. चार महिन्यांत माझ्यात एकाहत्तर निरोप साठले. मी दिवसभर हाका मारायचो. त्या मला उचलायच्या, बघायच्या, पालथं ठेवायच्या. मला फार वाईट वाटायचं.

एका गुरुवारी योगिनी तिची सर्टिफिकेटं न्यायला आली. कानातल्या इयरफोनसाठी तिच्या फोनचं ब्लूटूथ चालू होतं. ती पहिल्या मजल्यावर पोचली आणि तिचा फोन मला सापडला. एका दमात मी सगळे निरोप देऊन टाकले. तिच्या पर्समध्ये टुणटुण सुरू झालं, पण तिला कुठलं भान.

दारातच म्हणाली, "चार महिने झाले आई. मनातला एक शब्द तरी बोललीस का?"

"मी कुठं गप्प होते?" इंदुताई म्हणाल्या. "लिहीतच तर होते. तूच उत्तर दिलं नाहीस."

योगिनीनं फोन काढला आणि बघतच राहिली. शिक्षिकेची लेक, पण शिकली इंग्रजी शाळेत. मराठी अक्षरं जुळवत जुळवत वाचते. दोन शब्द वाचून तिनं फोन आईपुढे धरला. "मला भरभर येत नाही गं. तूच वाच की."

इंदुताईंनी चष्मा लावला. जे तोंडानं बोलवत नव्हतं म्हणून लिहिलं, तेच आता लेकीसमोर मोठ्यानं वाचायचं होतं.

"योगिनी, माझं चुकलं. तुझं घर परकं नाही. मला भीती एवढीच वाटते, की तुम्हांला माझा कंटाळा येईल."

त्या थांबल्या. अजून सत्तर आहेत, असं पुटपुटल्या.

"हौ, वाच," योगिनी म्हणाली आणि तिथंच जमिनीवर बसली.

आता इंदुताई मलकपेठेत राहतात. लेकीनं त्यांना नवा फोन घेऊन दिलाय, नेटच्या पॅकसकट. मी इथंच, बंद घराच्या खिडकीत. बॅटरी आठ टक्के उरलीय. माझ्यापाशी कुणाचा निरोप नाही, तरी सवयीनं हाक मारतो. या गल्लीतून जाताना तुमच्या फोनला ती ऐकू आली, तर एकदा ओ द्या. पुढे न्यायला काही नाही. कुणी आहे एवढंच मला कळू द्या.