ओळीवर बोट

सुमंगला हेगडे बाईंच्या वर्गात उताऱ्याखाली रेघ मारायला बंदी होती. रेघ मारली की माणूस विचार करायचा थांबतो, असं त्यांचं म्हणणं. बाई, मुलांच्या भाषेत अक्कोर, बोट ठेवायला लावायच्या. इंग्रजी उतारा वाचायचा, प्रश्न ऐकायचा, उत्तर सांगायचं, आणि सांगताना ते ज्या ओळीतून निघालं त्या ओळीवर तर्जनी टेकवायची. बोट हवेत राहिलं तर उत्तरही हवेतलं.

हेमावती गौडाला हे अंगवळणी पडायला तीन महिने लागले. पहिल्या आठवड्यातली तिची फजिती वर्गाला अजून पाठ होती. उताऱ्यातला म्हातारा आभाळाकडे बघतो आणि शिडी उचलून घरात नेतो, एवढंच होतं. बाईंनी विचारलं, "शिडी आत का नेली त्याने?"

"पाऊस येणार म्हणून, अक्कोर. आणि झाडांना औषध मारायचं राहिलंय. आता सुपारीला कोळेरोग लागणार."

वर्ग खदखदून हसला. बाई हसल्या नाहीत. "सुपारी कुठे आहे? बोट ठेव."

बोट कागदावर फिरून फिरून परत आलं.

"ही तुझे अप्पा चढतात ती बाग, हेमा. झाडावरून खाली उतर आणि कागदावर ये. घरून आणलेलं कितीही खरं असलं तरी ते कागदावर नसेल तर मला नको."

प्रसन्न भटची खोड वेगळी होती. तो बाजारातलं गाइड घोकून यायचा आणि कुठल्याही उत्तराच्या शेवटी म्हणायचा, "यावरून आपल्याला असा बोध मिळतो की..." बाई कपाळावर हात मारायच्या. पण त्याचं इंग्रजी घरंगळत यायचं, आणि बोध ऐकला की बाहेरचे परीक्षक खूश व्हायचे, हे बाईंनाही ठाऊक होतं.

धारवाडच्या वसतिगृहात एक जागा होती. राहणं, जेवण, तीन वर्षांची फी, सगळं एका न्यासाकडून. सिरसी भागातून एकालाच घ्यायचे. लेखी परीक्षा झाली तेव्हा हेमाला शंभरापैकी एकाहत्तर आणि प्रसन्नला एकोणसत्तर गुण पडले. बाकीचे पाचजण बरेच मागे होते. आता वीस गुणांची तोंडी परीक्षा तेवढी उरली होती.

जागा नाही मिळाली तर काय, हेही ठरलेलं होतं. मामाने कुमट्याच्या काजू कारखान्यात शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपासून कामावर यायचं. हेमाचे वडील तिम्मा गौडा सुपारीचे घड काढणारे. एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन पुढच्या झाडावर जायचे, दिवस दिवस जमिनीला पाय लावायचे नाहीत. या हंगामात त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. ते मामाला नको म्हणाले नव्हते. हेमालाही काही म्हणाले नव्हते.

शनिवारी सकाळी दहा वाजता सिरसीच्या सभागृहात सातजण ओळीने बसले. सगळ्यांना एकच कागद वाटला गेला. वाचायला वीस मिनिटं, मग एकेकाला आत बोलावणार.

उतारा कुठल्याशा थंड देशातल्या बेटावरचा होता. तिथली माणसं समुद्रावरच्या उभ्या कड्यांतून पक्ष्यांची अंडी काढत. एकजण कमरेला दोर बांधून खाली उतरे, दुसरा कड्यावर तो दोर धरून बसे. उतारा सुरू होतो तेव्हा उतरणारा त्याच सकाळी मेलेला आहे आणि दोर त्याच्यासकट समुद्रात गेला आहे. वर दोर धरून बसलेला त्याचा मेहुणा, इव्हर, बहिणीच्या घरी येतो. दार कोपराने ढकलून आत शिरतो. वर्षातला सगळ्यात गरम दिवस आहे, खिडक्या सताड उघड्या आहेत. इव्हर टेबलाखाली हात घेऊन बसतो. बहीण विचारते, दोर सुटला कसा? तो बोलत नाही. ती त्याच्यापुढे चहा ठेवते. दोन्ही मनगटांच्या मध्ये कप धरून तो तोंडाशी नेतो, थोडा सांडतो, खाली ठेवतो. शेजारणी कुजबुजतात, भ्याला आणि सोडून दिला. निघताना तो बंद दारासमोर नुसता उभा राहतो. एक लहान मुलगी उठून कडी काढते, आणि तो जातो.

खाली प्रश्न एकच. इव्हर गप्प का आहे? त्यावरून तो कसा माणूस वाटतो?

हेमाने एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एकोणिसाव्या ओळीपाशी, कपाच्या ओळीपाशी, तिच्या डाव्या तळहातात काहीतरी चुरचुरलं.

ती चौदा वर्षांची असताना पहिल्यांदा अप्पांसाठी दोर धरायला उभी राहिली होती. वरून कापलेला घड दोराला अडकवून सोडतात. खाली, झाडापासून लांब, दोराचं टोक ताणून धरणारा लागतो, म्हणजे घड घसरत अलगद त्याच्यापाशी येतो. हाताला पोत्याचा तुकडा गुंडाळायचा असतो. त्या दिवशी तो गळून पडला आणि वरून दोन घड एकदम आले. दोर तिच्या दोन्ही मुठींतून कातडं सोलत पळाला, डाव्या हाताचं जास्त. तिने मूठ उघडली नाही. घड दगडावर आपटला असता तर बागवाले ओडेर अप्पांना बोलले असते. नंतर अकरा दिवस अम्मा भरवत होती. तांदळाची गंजी तेवढी ती स्वतःची स्वतः प्यायची, पेला दोन्ही मनगटांत धरून.

इव्हरने दोर सोडलेलाच नव्हता.

हे तिला इतकं लख्ख कळलं की ती घाबरली. अप्पाच्या झाडावरून खाली उतर, बाई म्हणाल्या होत्या. आपण पुन्हा झाडावरच तर नाही?

पहिलं नाव प्रसन्नचं पुकारलं. दहा मिनिटांत तो बाहेर आला, शिपायाची नजर चुकवून तिच्या बाकाजवळ वाकला आणि पुटपुटला, "सोप्पं आहे गो. अपराधी भावना. त्याने भिऊन सोडला, आता तोंड दाखवायला जागा नाही. म्हाताऱ्या परीक्षकाने दोनदा मान डोलावली. बोधसुद्धा ऐकून घेतला."

"मला कशाला सांगतोस?"

"तू परत सुपारीला औषध मारशील म्हणून, गो मारायती!" तो हसत निघून गेला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच ते जास्त रुतलं.

पुढचे पाच जणही तेच उत्तर देऊन आले असावेत. प्रत्येकजण सुटल्यासारखा चेहरा करून बाहेर येत होता. हेमाने हिशेब मांडला. ती दोन गुणांनी पुढे होती. बरोबर उत्तर आता तिच्या हातात होतं. सरळ वाक्यात ते सांगायचं आणि उठायचं, बस्स. वेगळं काही सांगायला गेलं आणि ते चुकलं, तर सोमवारी कुमटा.

तिचं नाव सगळ्यात शेवटी आलं.

आत दोघं होते. प्राध्यापक शानभाग, पांढऱ्या भुवयांचे, समोर उत्तराचं टाचण ठेवलेले. शेजारी एक तरुण बाई, गुण लिहायला. सगळं इंग्रजीत चालायचं होतं.

"बोला. इव्हर गप्प का आहे?"

"अपराधी वाटतंय म्हणून, सर," हेमा म्हणाली. "त्याने भिऊन दोर सोडला."

शानभागांनी मान डोलावली. एकदा. तरुण बाईने पेन उचललं, आणि कागदाकडेच बघत सहज विचारलं, "कुठल्या ओळीवरून?"

हेमाची तर्जनी आपोआप कागदावर गेली. शेजारणींच्या ओळीवर टेकली आणि तिथेच अडली. हे शेजारणी म्हणतात. त्या कड्यावर नव्हत्या. बोट वर सरकलं. बहिणीचा प्रश्न. त्यात उत्तर नव्हतं. पुढे चहा. पुढे दार. बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं आणि कागदाखालच्या लाकडावर उतरलं.



"घाई नाही," शानभाग म्हणाले. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सर, मी आत्ता सांगितलं ते चूक आहे."

"चूक?"

"त्याला ओळ नाही. मी ते उत्तर मागे घेते."

तरुण बाईने पहिल्यांदाच वर पाहिलं. शानभागांच्या भुवया जवळ आल्या. "परीक्षेत उत्तर मागे घेत नसतात. बरं. मग तुमचं म्हणणं काय?"

"त्याने दोर सोडला नाही. दोर त्याच्या हातातून ओढला गेला. संपेपर्यंत तो धरून होता."

"हे कुठे लिहिलंय?"

तिने एकोणिसाव्या ओळीवर बोट टेकवलं. "इथे. कप मनगटांत धरतो. बोटांनी धरत नाही. त्याचे तळहात सोलले गेलेत."

"किंवा हात गारठलेत," शानभाग म्हणाले. "थंड देश आहे. किंवा धक्क्याने कापतायत. तुम्ही कागदावर नसलेली जखम आणताय."

हाच तो क्षण होता. सुपारी कुठे आहे, बोट ठेव. हेमाचा डावा हात मांडीवर मिटलेला होता. तो उघडून टेबलावर ठेवला असता तर पुढे काही बोलावंच लागलं नसतं. सोललेला तळहात भरून आल्यावर कसा दिसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं असतं.

तिने तो मिटलेलाच ठेवला आणि बोट वर नेलं.

"गारठले नाहीत, सर. सहावी ओळ. वर्षातला सगळ्यात गरम दिवस, खिडक्या उघड्या."

"ठीक. धक्का?"

"चौथी ओळ. दार कोपराने ढकलतो. कापणारा हातसुद्धा दार ढकलू शकतो. आणि इथे, शेवटून तिसरी. बंद दारासमोर उभा राहतो, कडी मुलगी काढते. दार, कप, कडी. तिन्ही वेळा तळहात लागला असता आणि तिन्ही वेळा त्याने लावला नाही. एक ओळ असती तर मी बोलले नसते."

शानभागांनी टाचण बाजूला सरकवलं नाही. त्यांनी कागद आपल्याकडे ओढला. चष्मा वर केला आणि डोळे अगदी जवळ नेऊन वाचू लागले. थोड्या वेळाने त्यांचंही बोट कागदावर आलं. चौथी ओळ. सहावी. एकोणिसावी.

"हा उतारा मी निवडला," ते शेवटी म्हणाले. आवाज नाराज होता. कुणावर, ते कळत नव्हतं. "समजा तो धरून होता. मग सांगत का नाही? हात दाखवले की संपलं."

हेमाने उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर तिला माहीत होतं. अम्माने त्या दिवशी झाडाखालीच विचारलं होतं, दोर का नाही सोडलास? आणि तिला काही सांगता आलं नव्हतं, कारण वर झाडावर अप्पा ऐकत होते.

"कारण कागदावर नाही, सर," ती म्हणाली. "एवढंच आहे की त्याने हात टेबलाखाली ठेवले. आठवी ओळ. ज्याचे हात बोलतील तो ते लपवून बसलाय. बहिणीपासून. नवरा आजच गेलाय तिचा."

"म्हणजे तो भित्रा नाही."

"भित्रा म्हणायला ओळ नाही."

"तुम्ही जाऊ शकता," शानभाग म्हणाले. मान डोलावली नाही.

बाहेर हेगडे बाई थर्मासमधून धन्याजिऱ्याचा गरम कषाय ओतत होत्या. हेमाचा चेहरा बघून त्यांनी पेला हातात दिला. प्रसन्न पुढे सरसावला. "काय सांगितलंस?"

तिने सांगितलं. तो बघतच राहिला. "अगो, तुझ्या हातात आयतं दिलं होतं मी! अख्ख्या रांगेने एक सांगितलं आणि तू... अक्कोर, तुम्हीच सांगा हिला."

बाई म्हणाल्या, "कागद आण."

कागद बाहेर आणायची परवानगी नव्हती. हेमाने ओळी तोंडपाठ सांगितल्या. बाई डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीही अपराधीच म्हटलं असतं," आणि थर्मासचं झाकण लावलं. बाईसुद्धा तेच म्हणत असतील तर संपलंच. कषाय हातातल्या हातात निवला.

साडेबाराला शिपायाने फळ्यावर कागद टाचला. प्रसन्न धावत गेला. मागे वळला तेव्हा त्याचं तोंड वासलेलं होतं.

"मला सोळा. तुला पंधरा." त्याने बोटांवर मोजलं, चुकलं की काय म्हणून परत मोजलं. "माझे पंच्याऐंशी. तुझे... शहाऐंशी." आणि मग अगदी मनापासून चिडून, "पण चूक होतं तर पंधरा दिले कसे? आणि बरोबर होतं तर माझ्याहून कमी का?"

"पाच कशाचे कापले ते विचारते," म्हणत बाई आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. "प्रसन्न, तुझे गुण हिच्या आधीच लिहून झाले होते. हिचे पहिलं उत्तर ओळ नसताना दिल्याबद्दल पाच. बरोबरच कापले. मी असते तर दहा कापले असते."

प्रसन्न फळ्यासमोरून वळला. "चौथी ओळ कोणती म्हणालीस?" त्याने विचारलं. तिने सांगितली. तो ती पुटपुटत एकटाच फाटकाकडे चालायला लागला.

हेमा पायरीवर बसली. सोमवारी कुमट्याला जायचं नाही, हे मामाला आधी सांगायचं की अप्पांना, याचा विचार करायचा होता, पण तो सुरू होत नव्हता. शेजारी बाई बसल्या. पेला परत देताना हेमाचा डावा हात उघडला आणि बाईंनी तो धरला. अंगठ्याच्या मुळापासून करंगळीपर्यंत तिरका, पांढरट, गुळगुळीत पट्टा होता. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं, ओळीवरून फिरवतात तसं.

"हा दाखवलास त्यांना?"

"नाही, अक्कोर," हेमा म्हणाली. "हा कागदावर नव्हता."