अंगठेबाबांचा शिक्का

सायकलच्या दुकानावरच्या हॉलकडे जाणारा जिना गरोदर बायकांनी खालपासून वरपर्यंत भरला होता. कुणाबरोबर सासू, कुणाबरोबर आई. एक मात्र नणंदेबरोबर आली होती. नणंद बेकरीत पीठ मळायची, वहिनीला आठवा लागला होता. वर गादीवर अंगठेबाबा एकेकीच्या नडगीवर अंगठा दाबून डोळे मिटत. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला की जयजयकार! शिक्का बसला, बाबांनी बाळ राखून ठेवलं!

वहिनीच्या पायावर तर असा खोल खळगा पडला की हलायचं नावच घेईना.

"डोकं ठणकतं का गं पोरी?" बाबांनी विचारलं.

"फार. डोळ्यांपुढे काजवेसुद्धा चमकतात."

"अगं, तेच तर तेज! बाळाचं तेज आईच्या डोक्यात मावत नाहीये. आता दवाखान्याची पायरी चढायची नाही. सुई टोचली की शिक्का पुसला!"

नणंदेला स्वर्ग दोन बोटं उरला. जिना उतरताना वहिनी दमून मध्येच टेकली. म्हणाली, "वन्सं, नर्सबाईंनी उद्या तपासायला बोलावलंय."

"आता कशाला? एवढा शिक्का बसलाय की!"

चौथ्या दिवशी सकाळी भाजी निवडता निवडता वहिनी आडवी झाली. हातपाय ताठ, अंगाला झटके. दवाखाना गाठेपर्यंत ती गेली आणि पोटातलं बाळही गेलं. भावाने बहिणीला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच तिला सोसवेना.

नर्सबाई तिच्याजवळ बसल्या. "रक्तदाब फार चढला होता. गरोदरपणी पाय थोडेफार सुजतातच, पण एवढी सूज, ठणकणारं डोकं आणि काजवे म्हणजे धोका. सुजेत पाणी साठतं. दाबलं की ते बाजूला सरतं आणि खळगा राहतो, बाकी काही नाही. वेळेवर कळलं असतं तर औषधं होती. गरज पडली असती तर बाळंतपण लवकर केलं असतं."

पंधरा दिवसांनी नणंद कामावर गेली. सवयीने पिठाच्या गोळ्यात बोट दाबलं. खळगा भरून आला नाही, म्हणजे गोळा जास्त फुगला, बिघडला. वीस वर्षं ती हे ओळखत होती. रोज शेकडो गोळे पारखणाऱ्या बाईला घरच्या माणसाचा पाय कळला नव्हता. ती पिठाच्या हातांनी तशीच उठली आणि नर्सबाईंना घेऊन तो जिना चढली.

वर एका कोवळ्या सुनेचा पाय बाबांच्या पुढ्यात होता. खळगा टिकला होता, जयजयकार चालू होता. दाराशी स्टुलावर बाबांचे म्हातारे काका बसले होते. हृदयाच्या दुखण्याने त्यांचे पाय सुजून खांबासारखे झालेले.

"काका, पाय बघू जरा," म्हणत तिने अंगठा दाबला आणि उचलला. खळगा जसाच्या तसा!

"अभिनंदन काका! कितवा महिना?"

हॉल खो खो हसला आणि लगेच गप्प झाला, कारण विचारणारीच हुंदके देत होती.

"माझ्या वहिनीलाही असाच शिक्का मारला होता यांनी. ती मेली. बाळही मेलं."

"पापिणी, श्रद्धा कमी पडली असेल!" बाबा गरजले. तोवर नर्सबाईंनी त्या सुनेच्या दंडाला पट्टा बांधलाही होता. काटा एकशे सत्तरवर.

"डोकं दुखतं?"

सुनेने मान डोलावली. तिच्या सासूने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा सुनेच्या पायाकडे. मग ती दरडावून म्हणाली, "ऊठ गं. दवाखान्यात चल आधी."

ती सून वाचली. बाळ जरा लवकर आलं, ओंजळीएवढं, पण रडत आलं. त्याला बघायला गेलेली नणंद मात्र दारातूनच परतली.

बेकरीत आजही कुणी पोटुशी आली की ती पाव बांधता बांधता विचारते, "रक्तदाब मोजलास? विश्वास कुणावरही ठेव बाई, पण आधी मोजून घे. दोन मिनिटं लागतात. मी माझ्या वहिनीला तेवढीसुद्धा दिली नाहीत."